तीन बोटांची फट

माझ्या दुकानातून बाहेर पडलेल्या फाटकाला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं, हा गडी कामात कच्चा असणार. कच्चा नव्हतो. पक्का होतो आणि तेच नडलं.

माझा थोरला भाऊ, दादा, शाळेत भूगोल शिकवायचा. निवृत्त होऊन त्याला बारा वर्षं झाली होती आणि वहिनी जाऊन तीन. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. घरात तो एकटा आणि मागच्या अंगणात दोन कासवं. वहिनी नर्स होती. परगावी निघालेल्या एका पेशंटच्या कुटुंबानं जाता जाता ही दोन कासवं तिच्या गळ्यात मारली, त्याला सत्तावीस वर्षं झाली. मोठ्या मादीला सगळे बाईसाहेब म्हणायचे, कारण त्या वाटेत आलेल्या कुणाकडे बघायच्या नाहीत. दुसऱ्याच्या पाल्यावर पाय देऊन सरळ पुढे जायच्या. धाकटा तो कारकून. रोज ठरल्या वेळी भिंतीच्या कडेनं फेरी काढायचा आणि प्रत्येक पानापुढे थांबून असा विचार करायचा, की जणू अर्जावर सही राहिली आहे.

वहिनी गेली तेव्हा मला वाटलं होतं की दादा कासवं कुणाला तरी देऊन टाकेल. झालं उलटंच. तो त्यांच्याशी बोलायला लागला. मी रोज सकाळी दुकानात जाताना त्याच्याकडे चहाला थांबायचो, तेव्हा "बाईसाहेबांनी आज काकडी नाकारली" अशा बातम्या मिळायच्या. मी टिंगल करायचो. तो हसायचा.

मग शेजाऱ्यानं कुत्रा आणला. तरणाबांड, उनाड. एका दुपारी त्यानं भिंतीवरून उडी मारली, कारकुनाला तोंडात धरलं आणि हाडूक चघळावं तशी त्याच्या पाठीची कड चघळली. दादा छत्री घेऊन धावला, म्हणून जीव वाचला. कडेचा एक तुकडा मात्र कायमचा गेला.

दुसऱ्या दिवशी दादा माझ्या दुकानात हजर. हातात कागद, त्यावर त्याचं ते मास्तरी अक्षर. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आणि चार पुस्तकं उलथीपालथी करून त्यानं पिंजरा कसा हवा ते लिहून आणलं होतं. वरून झाकण हवं, कावळे डोळ्यांवर चोच मारतात. गज जमिनीत दीड फूट खोल जावेत, म्हणजे उकरून कुणी आत शिरणार नाही. कडी अशी हवी की पंजानं उचलता येऊ नये. आणि सगळीकडून अर्ध्या इंचाची बारीक जाळी. या शेवटच्या वाक्याखाली त्यानं दोन रेघा मारल्या होत्या.

"दादा, मी फाटकं करतो, खुराडी नाही," मी म्हणालो.

"अरे, पण उंदीर..."

"उंदीर कासव खाणार? पाठीवर दात आपटून परत जाईल तो."

"तसं नाही रे छोट्या. थंडीत ती हलत नाहीत ना, तेव्हा उंदीर पाय कुरतडतात म्हणे. डॉक्टरीणबाई सांगत होत्या."

"डॉक्टरीणबाईंना वेल्डिंग येतं का?"

माझ्या हाताखालची पोरं हसली. दुकानात त्या वेळी एक गिऱ्हाईक उभं होतं, तेही हसलं. साठीला आलो तरी मी दादाचा छोट्याच होतो आणि चारचौघांत त्यानं तसं म्हटलं की माझं डोकं फिरायचं, हेही खरं. दादा स्वतःही हसला आणि त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली. "तुला जसं बरं वाटेल तसं कर," म्हणाला. लहानपणापासून तो माझ्यापुढे असाच माघार घ्यायचा. मला वाटायचं, मी बरोबर असतो म्हणून घेतो.

आता माझं माप सांगतो. माझ्या उस्तादानं मला खिडकीच्या गजांचं माप शिकवलं ते तीन बोटांचं. दोन गजांच्या मध्ये तीन बोटं आडवी बसली पाहिजेत, चौथं बसता कामा नये. चौथं बसलं की हात आत जातो आणि हात गेला की आतली कडी निघते. चाळीस वर्षं मी याच मापानं लोकांची घरं माणसाच्या हातापासून वाचवली. हातापेक्षा बारीक काहीतरी आत येऊ शकतं, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

पिंजरा मात्र देखणा केला. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, चौकोनी गजांचा, फट तीच तीन बोटांची. झाकणाला मजबूत बिजागऱ्या, गज दीड फूट जमिनीत आणि दाराची कडी स्प्रिंगची: आधी दाबायची, मग उचलायची. हिरवा रंग दिला. आसपासचे लोक बघायला आले. ज्याच्या कुत्र्यामुळे हे सगळं घडलं, तो शेजारीही आला आणि मला म्हणाला, "यात तर वाघ ठेवता येईल." मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. दादानं एकदा गजांमधून दोन बोटं आतबाहेर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

तीन महिने सगळं सुरळीत चाललं. मग थंडी पडली. थंडीत ती दोघं जवळजवळ दगडच होऊन जायची. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दादानं लाकडी खोकं ठेवलं होतं, त्यात पेंढा भरला होता, त्यात ती पडून असायची. दादा रोज संध्याकाळी जाऊन पेंढा सारखा करायचा, ताजा पाला ठेवायचा, कुणी खात नसलं तरी.

त्या दिवशी मी सकाळी पावणेसातला मागच्या बोळातून आलो. स्वयंपाकघरात दिवा होता, आत कपबशांचा आवाज येत होता. मी पिंजऱ्याकडे पाहिलं ते खरं तर रंग कुठे उडालाय का ते बघायला. कडी लागलेली होती. हे मी शपथेवर सांगेन. लागलेली होती, कारण ती दाबून, उचलून मी दार उघडलं.

उघडलं, कारण पेंढा बाहेर ओढलेला दिसला. त्यात काळ्या तांदळासारख्या लेंड्या पडल्या होत्या. कारकून खोक्याच्या तळाशी शाबूत होता, बाईसाहेब अर्ध्या खोक्याबाहेर. मी त्यांना उचललं. पुढचे दोन्ही पाय कुरतडलेले होते. उजव्याचं तर आतलं हाड दिसत होतं. मान आत ओढलेली, पण डोळे उघडे होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. रात्रभर कुणीतरी त्यांना जिवंतपणी खात होतं आणि दादाला दहा पावलांवर चाहूलसुद्धा लागली नव्हती. कासवाला ओरडता येत नाही. ते आत आत सरकतं, बस.

खालच्या बाजूला दोन गजांना राखाडी केस चिकटले होते. मी त्या फटीत बोटं घातली. तीन बसली. माप अगदी बरोबर होतं.

तेवढ्यात दादा पायरीवर आला. त्यानं माझ्या हातातल्या बाईसाहेब पाहिल्या, मग सताड उघडं दार पाहिलं. कप तसाच हातात राहिला.

"दार उघडं राहिलं होतं का रे?"

लोक म्हणतात, घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काहीबाही निघून जातं. माझं तसं झालं नाही. मला एक श्वास घेण्याइतका वेळ मिळाला होता. त्या श्वासात मला माझं दुकान दिसलं, तो कागद दिसला, त्या दोन रेघा दिसल्या. आणि मी विचार केला, दादाच तर आहे, त्याला कोण काय बोलणार आहे?

"हो," मी म्हणालो. "उघडंच होतं."

दादा पायरीवर बसला. "काल मी पाला ठेवला," तो म्हणाला. "मग कडी लावली. लावली ना? मला तर लावलेली आठवतेय रे." मग अगदी हळू म्हणाला, "बाबांनाही सगळं असंच आठवायचं."

आमचे वडील शेवटची सहा वर्षं विसरत विसरत गेले. नळ बंद केला म्हणून शपथा घ्यायचे आणि घरात पाणीच पाणी व्हायचं. शेवटी शेवटी ते दादाला ओळखायचे नाहीत, त्याला मास्तर म्हणायचे आणि त्यांचा थोरला मुलगा कधी येणार ते विचारायचे. त्यांचं सगळं दादानं आणि वहिनीनं केलं. मी रविवारी फळं घेऊन जायचो. दादाला मरणाची भीती कधी वाटली नाही, पण या एका गोष्टीची वाटायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

तो मांडीवर खोकं घेऊन टॅक्सीनं डॉक्टरीणबाईंकडे गेला. मी म्हणालो, तू हो पुढे, मी इथलं साफ करतो. आणि साफ केलंच. लेंड्या झाडल्या, पेंढा जाळला, गज पुसले. मग दुकानात जाऊन अर्ध्या इंचाच्या जाळीचं भेंडोळं आणलं आणि दुपारच्या आत पिंजरा सगळीकडून मढवून टाकला. वर हिरवा रंग मारला. आयुष्यात इतकं झटपट काम मी कधी केलं नव्हतं.

दादानं त्यातलं काही पाहिलं नाही. कारकुनाला त्यानं त्याच दिवशी घरात घेतलं आणि त्यानंतर तो पिंजऱ्याकडे फिरकलाच नाही. स्वयंपाकघरात शेगडीजवळ टोपली ठेवून तो बाईसाहेबांना कोमट पाण्यानं धुवायचा, बारीक कुंचल्यानं औषध लावायचा. एकदा त्यांना दाखवायला मीच गाडी काढली. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडता सोडता विचारलं, "मास्तर, जाळी बारीकच आहे ना पण?"

"जाळीचा काही प्रश्न नाही हो," दादा म्हणाला. "पिंजरा माझ्या भावानं केलाय. त्याच्या कामात खोट निघायची नाही. दार माझ्याकडून राहिलं."

मी शेजारी उभा होतो. भिंतीवर मांजरांच्या लसींचा तक्ता होता, तो मी वरपासून खालपर्यंत वाचून काढला.

बाराव्या दिवशी सकाळी बाईसाहेब गेल्या. दादानं भिंतीशी खड्डा खणला. मी फावडं मागितलं, त्यानं दिलं नाही. "चोवीस वर्षं तिनं सांभाळल्या," तो म्हणाला, म्हणजे वहिनीनं. "मला तीन वर्षं जमलं नाही."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा बोललो असतो तरी निभावलं असतं. पण मी स्वतःशी म्हटलं, आता बोलून बाईसाहेब थोड्याच परत येणार आहेत? असं बोलून माणूस स्वतःला किती दिवस फसवू शकतो, ते मला त्यानंतर कळलं.

कारण बाईसाहेबांवर ते थांबलं नाही. आधी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लागला: गॅस, नळ, कडी, दिवा. प्रत्येकासमोर रोज बरोबरच्या खुणा. मग एकाचे तीन कागद झाले. बाहेर पडला की कोपऱ्यावरून दोनदा परत यायचा, कुलूप ओढून बघायला. मग बाहेर पडणंच कमी केलं. वाचनालयाची पुस्तकं माझ्याकडे दिली, "तूच परत कर, माझ्याकडून राहून जायची." भूगोलाचा मास्तर तो, नद्या उगमापासून मुखापर्यंत तोंडपाठ, आणि चहात साखर घातली की नाही ते मला विचारायचा. मी म्हणायचो, "घातलीस रे." घातलेली असायचीच. दर वेळी असायची.

एक दिवस गेलो तर शेगडीजवळची टोपली नव्हती.

"कारकुनाला डॉक्टरीणबाईंकडे दिलं," दादा म्हणाला. "त्यांच्याकडे मोठं आवार आहे. माझ्या हाती जीव सोपवावा असा मी राहिलो नाही आता."

खरं काय ते तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यानं चहाचा कप पुढे केला आणि मी तो घेतला. आमच्या घरात आतापर्यंत माझी चूक कधी निघालीच नव्हती. फुटलेलं, मोडलेलं, हरवलेलं सगळं लहानपणापासून दादाच्या नावावर. बाबा विचारायचे तेव्हा तो मान खाली घालायचा आणि मी अंग काढून घ्यायचो. इतक्या वर्षांनी कबुली द्यायची तर सुरुवात कशी करतात, तेसुद्धा मला येत नव्हतं.

शेवटी दादानंच मुलीला फोन केला. ती आली, मोठ्या दवाखान्यात त्याच्या तपासण्या करून घेतल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे, काळजीचं काही दिसत नाही. दादा म्हणाला, "बाबांच्या डॉक्टरांनीही सुरुवातीला हेच सांगितलं होतं." पुतणीनं ठरवलं की दादाला आता एकटं ठेवायचं नाही. घर भाड्यानं द्यायचं, दादानं तिच्याकडे राहायचं, चौथ्या मजल्यावर. तिथे अंगण नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी गेलो. सामान गाडीत भरून झालं होतं. पुतणी पुढे बसून फोनवर बोलत होती. दादानं दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. परत ओढलं. पाच-सहा वेळा ओढलं आणि माझ्याकडे वळला.

"लागलंय ना रे? तू सांग. तू बघून सांगितलंस की मग मला शंका राहत नाही."

मी त्याचा दंड धरला आणि जवळजवळ ओढतच त्याला घराच्या बाजूनं मागे नेलं, पिंजऱ्यापाशी.

"दादा, दार उघडं नव्हतं," मी म्हणालो. "त्या दिवशी कडी लागलेली होती. मी उघडली. मी! उंदीर गजांमधून आले. तू अर्धा इंच म्हणालास आणि मी तीन बोटं ठेवली. तू काही विसरला नव्हतास. तू कधीच काही विसरला नव्हतास."

बोलता बोलता मी रडायला लागलो. फाटकं करणारा साठ वर्षांचा बाप्या, मागच्या अंगणात उभा राहून लहान पोरासारखा रडत होतो. दादा माझ्याकडे बघत राहिला. मग पुढे झाला आणि त्यानं पिंजऱ्यावर बोट फिरवलं.

"अरे, जाळी तर आहे की."

"ती मी नंतर लावली. तू दवाखान्यात गेलास तेव्हा. चोरासारखी लावली."

"हिला तर तोच रंग आहे, जुनाच."

"मुद्दाम लावला, दादा! ऐक ना माझं!"

तो वाकून जाळी बघत होता. "मी बारीक जाळी सांगितली होती, तू नको म्हणाला होतास, एवढं मला आठवतंय," तो म्हणाला. "म्हणजे शेवटी तू माझं ऐकलंस आणि जाळी लावलीस. बघ, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. मी मनात तुला दोषही दिला असेल एखाद वेळी."

"नाही रे! तुझं बरोबर आहे, तुला आठवतंय तेच..."

"पुरे आता," तो म्हणाला आणि त्यानं त्याच्या रुमालानं माझं तोंड पुसलं. "कळतंय मला. मी मोकळ्या मनानं जावं म्हणून सगळं स्वतःवर घेतोयस. आयुष्यात तू कधी 'माझं चुकलं' म्हणाला नाहीस, छोट्या. आज माझ्यासाठी म्हणालास. मला पुष्कळ झालं तेवढं."

मी आणखी काय काय बोललो ते सांगण्यात अर्थ नाही. जितकं बोललो तितकी त्याची खात्री पटत गेली. गाडीपर्यंत तो माझ्या खांद्यावर हात टाकून चालला. पुतणीला म्हणाला, "तुझा काका वेडा आहे गं. बाईसाहेबांचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतोय." ती उतरली, माझ्या पाया पडली आणि हळूच कानात म्हणाली, "बरं केलंत काका. किती दिवसांनी हसले ते."

मी तिला खरं सांगायला तोंड उघडलं, पण तिचेही डोळे भरले होते आणि गाडी सुरू झाली होती. दादानं काच खाली केली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तो माझ्याकडे बघून हात हलवत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचं एवढं कौतुक मी आधी कधीच पाहिलं नव्हतं.